स्टेपनी खाली येईना

अलास्कात मॅकार्थी रोडवर भाड्याचा कॅम्पर न्यायचाय म्हटल्यावर गाड्या भाड्याने देणाऱ्या दोन ठिकाणी फोनवरच नकार मिळाला. डांबर संपलं की विमा संपला! तिसऱ्यांनी जास्तीचे पैसे घेऊन खडीच्या रस्त्याची लेखी परवानगी दिली, पण टायर आणि काचा आमच्या गळ्यात. कॅम्पर म्हणजे पिकअपच्या पाठीवर बसवलेली खोली. वळणावर ती डोलते, याची सवय व्हायला एक दिवस जातो.

ग्लेनॅलनला टाकी फुल केली, पाणी भरलं. चिटिना गावाच्या पुढे केनिकॉट नदीपर्यंत 60 मैल, बहुतेक सगळी खडीच. हा रस्ता म्हणजे 1911 मध्ये पूर्ण झालेल्या तांब्याच्या खाणीसाठीच्या रेल्वेचा पाया. 1938 मध्ये खाण बंद पडली, रेल्वेही. रुळांचे खिळे मात्र अजून वर येतात आणि टायर फाडतात, असं भेटेल तो सांगत होता.

17व्या मैलावरचा कुस्कुलाना पूल 1910चा, एकाच गाडीपुरता. नदी 238 फूट खाली. मी आठवडाभर याच पुलाला घाबरत होते आणि तो दोन मिनिटांत मागे पडला. 29व्या मैलावर, गिलाहिना नदीवरच्या मोडक्या लाकडी रेल्वेपुलाजवळ, उजवीकडचं मागचं चाक बसलं.

स्टेपनी गाडीच्या पोटाखाली, साखळीला टांगलेली. तीन तुकड्यांचा दांडा जोडून मागच्या भोकात घालायचा आणि फिरवायचा. दांडा फिरत होता, स्टेपनी हलत नव्हती. साखळी गंजली होती. नवरा पाठीवर झोपून लाथा घालतोय, मी दांडा फिरवतेय, डास दोघांनाही खातायत. विसेक मिनिटांनी ती धप्पकन खाली आली. नट आम्ही चाक जमिनीवर असतानाच सैल केले होते, तेवढी अक्कल शाबूत होती. जॅक मात्र खडीत रुतायला लागला. मग रात्री कॅम्पर समतल करायला दिलेली जाड फळी त्याच्याखाली घातली. स्टेपनीत हवा निम्मीच होती, पण सोबत छोटा कॉम्प्रेसर होता. तो नसता तर तिथेच बसलो असतो.

आता मागे 29 मैल, पुढे 31, आणि दुसरी स्टेपनी नाही. नवरा म्हणाला, मागे फिरू. मी म्हटलं, खिळे दोन्हीकडे सारखेच आहेत. पुढेच गेलो, ताशी 20 मैलांनी, मध्ये उतरून नट पुन्हा आवळून.

रस्ता नदीकाठी संपतो. गाडी तिथेच ठेवायची आणि पादचारी पुलावरून पलीकडे जायचं. पुढे खाणीच्या, खनिज दळायच्या 14 मजली लाल गिरणीसमोर दगडमातीचे ढीगच ढीग दिसले. मला वाटलं, खाणीचा मलबा. ती केनिकॉट हिमनदी होती, वर मलब्याचा थर असलेला बर्फ. पांढरा बर्फ बघायला दोनेक मैल चालून रूट हिमनदीपर्यंत जावं लागलं.

परतताना काही झालं नाही. तोपर्यंत आम्ही चार जणांना रेल्वेच्या खिळ्याची गोष्ट सांगून झाली होती. टायरवाल्याने पकडीने जे बाहेर ओढलं, तो पत्र्याच्या छपराला लावतात तसला साधा स्क्रू निघाला.