शेक देण्याआधी शिकायचं ते मोजणं

नीटचा निकाल लागला की मुंबईतल्या पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो: "फिजिओथेरपीत एवढी वर्षं शिकवतात तरी काय? व्यायाम आणि शेकच ना?" प्रश्न रास्त आहे, कारण क्लिनिकमध्ये पडद्याआड तेवढंच दिसतं. पण कुठलं मशीन कुणाला लावायचं नाही, हे ओळखण्यात या अभ्यासाचा मोठा भाग जातो. आणि ते ओळखायचं तर आधी मोजावं लागतं.

महाराष्ट्रात ही पदवी बी.पी.टीएच. (बॅचलर ऑफ फिजिओथेरपी) म्हणून ओळखली जाते, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. चार वर्षं आणि वर सहा महिन्यांची इंटर्नशिप, हा आराखडा बरीच वर्षं चालत आला. 2021 च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीसारख्या आरोग्य व्यवसायांसाठी आलेल्या आयोगामुळे आता मांडणी बदलते आहे, तेव्हा आपल्या बॅचला काय लागू आहे ते प्रवेशाच्या वेळीच कॉलेजात विचारून घ्या. विषयांचा गाभा मात्र तोच आहे.

पहिलं वर्ष ॲनाटॉमीचं, म्हणजे शरीररचनेचं. फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री असतात, पण घाम फोडते ती ॲनाटॉमी. प्रत्येक स्नायूचं ओरिजिन (कुठून सुरू होतो), इन्सर्शन (कुठे जोडला जातो), नर्व्ह सप्लाय (कुठली नस चालवते) आणि ॲक्शन (काय हालचाल करतो), चारही यायला हवं. दंडाचं हाड मधोमध मोडलेल्या पेशंटला मनगट वर उचलता येत नसेल, तर रेडियल नर्व्ह त्या हाडाला मागून वेढा घालून जाते हे माहीत असल्याशिवाय कारण सापडत नाही. नुसत्या आकृत्या पाठ करणारी मुलं इथेच अडकतात. डिसेक्शन हॉलमध्ये पाहिलेलं त्याच संध्याकाळी मैत्रिणीच्या किंवा मित्राच्या दंडावर बोटांनी चाचपून बघावं. तो स्नायू मग विसरत नाही.

याच काळात हातात येतो गोनिओमीटर, म्हणजे सांधा किती अंशांत हलतो हे मोजायची दोन पट्ट्यांची कोनमापी. खांदा पुढून वर नेण्याचं माप घ्यायचं तर पेशंटला उताणं झोपवायचं, गुडघे दुमडायला सांगायचे. मध्यबिंदू खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, स्थिर पट्टी बरगड्यांच्या कडेने काखेच्या मध्यरेषेत, आणि फिरती पट्टी दंडावरून कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याकडे. निरोगी खांदा साधारण 180 अंशांपर्यंत जातो. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पेशंटची पाठ पलंगावरून उचलली जाते आणि ते कुणी पाहत नाही. मग खांदा 130 वर अडकलेला असतो आणि कागदावर 150 लिहिलं जातं. दोन आठवड्यांनी दुसऱ्याने नीट मोजलं की पेशंट बिघडला असं वाटतं. गुडघे दुमडून घ्यायचे ते पाठ सपाट राहावी म्हणून.

स्नायूची ताकद हाताने तपासतात, 0 ते 5 अशा श्रेणीत. गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध पूर्ण हालचाल जमली तर 3, गुरुत्वाकर्षण वगळलेल्या स्थितीतच जमली तर 2. ही पद्धत जगभर रुजली ती मुख्यतः पोलिओच्या पेशंटमुळे. परळच्या केईएममध्ये देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा 1950 च्या दशकात सुरू झाली, तीही पोलिओच्याच काळात. तपासताना शरीर फसवतं, हे मनावर ठसायला हवं. कुशीवर झोपून पाय वर उचलायला सांगितला आणि कंबरेचा बाजूचा स्नायू कमजोर असला, की पेशंट कंबर हळूच मागे कलंडवतो आणि पुढच्या स्नायूंनी पाय उचलतो. एका हाताने कंबर धरून ठेवली नाही, तर 2 च्या जागी 4 लिहून मोकळे व्हाल.

आता मशीनं. शॉर्टवेव्ह डायथर्मी 27.12 मेगाहर्ट्झवर चालते आणि खोलवर ऊब देते. शरीरात धातूची पट्टी किंवा पेसमेकर असेल तर ती लावायची नाही. घाम पुसायचा, कपडे कोरडे हवेत, कारण पाण्याच्या थेंबापाशी उष्णता एकवटते. मुंबईच्या मे महिन्यात हे वारंवार बघावं लागतं. अल्ट्रासाउंड इथे सोनोग्राफीसाठी नाही, उपचारासाठी असतो; त्याचं 1 मेगाहर्ट्झचं हेड (त्वचेवर फिरवायचं टोक) खोल भागासाठी, 3 चं वरवरच्या भागासाठी. भरपूर जेल लावायचं आणि हेड सतत फिरवत ठेवायचं, नाहीतर हाडाच्या आवरणापाशी उष्णता साठून पेशंट कळवळतो. कुठलाही शेक देण्याआधी गरम आणि थंड पाण्याच्या दोन परीक्षानळ्या त्वचेला लावून संवेदना तपासायची. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या आजोबांना "सोसतंय ना?" असं विचारून भागत नाही. भाजण्याचे प्रसंग याच पायरीला फाटा दिल्याने घडतात.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी, फार्मॅकॉलॉजी, मेडिसिन, सर्जरी, ऑर्थोपेडिक्स आणि वॉर्डातली पोस्टिंग येतात. शेवटच्या वर्षी मस्क्युलोस्केलेटल (हाडं-स्नायू), न्यूरो (मेंदू आणि नसा), कार्डिओ-रेस्पिरेटरी (हृदय-फुप्फुसं) आणि कम्युनिटी (पेशंटच्या घरी-वस्तीत करायचं काम). न्यूरोत पहिल्या दिवशी शिकायचं ते हे, की अर्धांगवायूच्या पेशंटला लुळ्या हाताला धरून ओढून उठवायचं नाही. खांद्याचे स्नायू ढिले असतात, सांधा खाली सरकतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. नातेवाईक मायेपोटी नेमकं तेच करतात, म्हणून त्यांनाही शिकवावं लागतं. कार्डिओत सहा मिनिटांची चालचाचणी असते. त्यासाठी 30 मीटरची सरळ, सपाट वाट लागते. गर्दीच्या सरकारी रुग्णालयात ती मोकळी मिळवणं हे वेगळंच कौशल्य आहे.

कम्युनिटी हा विषय मुलं हलका समजतात, आणि ते मला अजिबात पटत नाही. खुबा दुखणाऱ्या मावशी लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहत असतील, शौचालय गॅलरीच्या टोकाला भारतीय पद्धतीचं असेल, तर त्याचा विचार नसलेला व्यायामाचा तक्ता कुचकामी आहे. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात द्यायची. एका पायावर उभं राहताना कंबर पडू नये म्हणून खुब्याच्या स्नायूंना जोर लावावा लागतो, आणि त्यामुळे सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो. विरुद्ध हातातली काठी तो कमी करते. काठीची मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर, कोपर 20 ते 30 अंश वाकलेलं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

शेवटच्या परीक्षेत लाँग केस मिळते: एक खरा पेशंट आणि समोर बाहेरून आलेले परीक्षक. मार्क जातात ते बहुधा एकाच ठिकाणी. "काय सापडलं?" असं विचारल्यावर मुलं "आयएफटी (विजेच्या प्रवाहाचं मशीन) आणि क्वाड्रिसेप्सचे (मांडीच्या पुढच्या स्नायूंचे) व्यायाम देऊ" असं सांगू लागतात. परीक्षक थांबवून विचारतात, "गुडघा किती अंश वाकला?"