‘लावलेल्या रोपांची संख्या’ या रकान्यात अडकलेलं जंगल

काम विदर्भातलं खुरटलेलं पानझडी जंगल पुन्हा वाढवण्याचं. जमीन सामूहिक वनहक्क (जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा गावाचा कायदेशीर हक्क) मिळालेल्या ग्रामसभेची, पैसा एका कंपनीच्या सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीचा, मध्ये आमची संस्था. ग्रामसभेचा ठराव, वनहक्क समितीच्या बैठका, बँक खातं, सीएसआर-१ची (हा निधी घेणाऱ्या संस्थेला करावी लागणारी) नोंदणी हे सगळं वेळेत झालं, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. अडलं ते निधी देणाऱ्यांच्या ऑनलाइन अर्जात. तिथे एक रकाना होता, ‘लावलेल्या रोपांची संख्या’. तारांकित, म्हणजे भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. शून्य चालत नाही, कारण शेजारचा ‘प्रति रोप खर्च’ हा रकाना त्याच आकड्याने भागून आपोआप भरतो. शून्याने भागाकार होत नाही हे संगणकाला शाळेतच शिकवलेलं असतं.

आमच्या जमिनीला रोपांची फारशी गरजच नव्हती. लांबून उजाड दिसणारं पानझडी जंगल बहुतेक वेळा मेलेलं नसतं, खुरटलेलं असतं. ऐन, धावडा, लेंडिया, साग यांचे खुंट जिवंत असतात. दर पावसाळ्यात धुमारे फुटतात, गुरं ते खातात, उन्हाळ्यात आग उरलेलं जाळते आणि झाड गुडघ्याच्या वर जात नाही. तेंदू आणि पळस तर मुळांवरूनच फुटत राहतात. या खुंटाखाली वर्षानुवर्षांचं मूळ आहे. पिशवीतल्या रोपाला तेवढं मूळ धरायला कितीतरी पावसाळे लागतील. तरी अर्जाच्या हिशेबात पिशवीतलं रोप म्हणजे झाड, आणि खुंट म्हणजे काहीच नाही.

ईमेलवर ईमेल झाले. ‘मग तुम्ही नेमकं करणार काय?’ हा प्रश्न तीनदा आला. तोंडी समजावण्यात वेळ घालवू नका, मोजून दाखवा. मोजणी अशी करायची.

५.६४ मीटरची दोरी घ्या. एक टोक खुंटीला बांधा आणि दुसरं हातात धरून गोल फिरा. आतलं क्षेत्र जवळजवळ १०० चौरस मीटर भरतं. २० हेक्टरवर असे २० गोल घेतले की एक टक्का नमुना होतो. गोल कुठे घ्यायचे ते आधी नकाशावर चौकटी आखून ठरवा. जंगलात जाऊन जागा निवडायला लागलात की पाय आपोआप सावलीकडे वळतात आणि आकडा फुगतो. प्रत्येक गोलात तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या: जिवंत खुंट, मुळांवरचे फुटवे आणि बियांपासून आलेली रोपटी. प्रत्येकासमोर जातीचं नाव. एका खुंटावर सात धुमारे असले तरी खुंट एकच धरायचा. इथे गावातली तरुण मुलं हमखास सात लिहितात. समजा २० गोलांत मिळून ८४ खुंट आले, तर गोलामागे ४.२, म्हणजे हेक्टरी ४२०. एवढं असेल तर नव्याने खड्डे खणणं म्हणजे नुसता पैसा पुरणं.

जातींची यादी आकड्याहून जास्त बोलते. गुरं सागाला सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे सगळीकडे नुसता साग आणि पळस दिसला आणि ऐन-धावडा गुडघ्याखाली खुडलेला असला, तर दुखणं चराईचं आहे. तिथे रोपं लावून उपयोग नाही, ती गुरांच्याच पोटात जातील. धावड्याचं बी फार कमी रुजतं, म्हणून त्याचे जिवंत खुंट तर सोन्यासारखे जपायचे.

आमचा तिढा शेवटी सरकारी नमुन्यानेच सोडवला. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वनीकरण कार्यक्रमात दोन वेगळे नमुने होते: कृत्रिम लागवडीला हेक्टरी ११०० रोपं, आणि नैसर्गिक पुनरुत्पादनाला जोड द्यायची असेल तर हेक्टरी २००. (३ बाय ३ मीटरवर खड्डे घेतले तर हेक्टरी ११११ बसतात, ११०० चा आकडा तिथला.) हा आधार मोजणीच्या तक्त्यासोबत पाठवला आणि अर्जात २० हेक्टरला ४००० रोपं लिहिली. बाकी सगळं काम स्वतंत्र परिशिष्टात, हेक्टर हे एकक धरून: खुंटांची छाटणी, चराईबंदी, जाळरेषा (आग पसरू नये म्हणून झाडून मोकळा ठेवलेला पट्टा), घाणेरीची झुडपं काढणं. प्रति रोप खर्च भयानक दिसला. त्याखाली दोन ओळींचा खुलासा जोडला आणि तो मान्य झाला, पण त्यात जानेवारी गेला.

खुंटांचा आकडा ‘लावलेली रोपं’ म्हणून लिहायचा मोह होतो. सुचवणारेही भेटतात. लिहू नका. तिसऱ्या वर्षी बाहेरचा तपासनीस येतो, खड्डे आणि रोपांभोवतीची आळी शोधतो आणि त्याला ती सापडत नाहीत. मग खरं वाढलेलं जंगलही खोटं ठरतं.

आता छाटणीचं. जुना खुंट जमिनीपासून वीतभराच्या आत, तिरका आणि स्वच्छ कापायचा. साल फाटली की पाणी मुरतं आणि खुंट कुजतो, म्हणून कोयत्याला धार हवी. त्यावर आलेल्या धुमाऱ्यांपैकी दोनच ठेवायचे, पण पहिल्याच वर्षी नाही. घाई केली तर कापल्या जागी पुन्हा झुबका येतो. ठेवायचे ते जमिनीलगत फुटलेले. उंचावरचा धुमारा जोमदार दिसतो, पण त्याचा सांधा कच्चा असतो आणि वादळात तो फाटून पडतो. मजूर नेमका तोच ठेवतात, कारण तो सरळ असतो. पहिले दोन दिवस सोबत उभं राहावंच लागतं.

चराईबंदी सगळ्या जंगलावर एकदम लादली तर ती पोळ्यापर्यंतही टिकत नाही. एक तृतीयांश बंद ठेवा आणि बाकीचं खुलं. बंद भागातलं गवत कापून न्यायला पहिल्या दिवाळीपासून मोकळीक द्या. गवताचे भारे घरी येऊ लागले की राखणदाराचं काम निम्मं होतं. हा निर्णय ग्रामसभेत बायका हजर असताना घ्या. सरपण आणि चारा कुठून येतो ते त्यांनाच नेमकं ठाऊक असतं. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरची सीताफळं बाजारात गेली. राखलेल्या जंगलातून हाताला काही लागतं हे पटवायला आमच्याकडे तेच उदाहरण होतं.

जाळरेषा फेब्रुवारीच्या मध्याआधी झाडून झालीच पाहिजे. आग मुद्दाम लावलेली क्वचित असते. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि ती आग पसरते. मोहाखाली जुन्या साड्या किंवा जाळी अंथरायला द्या, खर्च नगण्य आहे. हा खर्च मात्र अर्जातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, ‘साहित्य – इतर’ मध्ये टाका.

घाणेरी, म्हणजे आमच्याकडची रायमुनिया, वरून कापली तर दुप्पट फुटते. टिकावाने मुळाशी माती सारून जमिनीखाली सुमारे तीन सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून वाळू द्यायचं. फळं धरायच्या आत. पुढची दोन-तीन वर्षं मोठ्या झाडांखाली नवी रोपटी उपटत राहायची, कारण पक्षी तिथेच बसून बिया टाकतात. त्या पुढच्या वर्षांचे पैसे आधीच अंदाजपत्रकात धरा, नाहीतर पहिल्या वर्षाचेही पाण्यात जातात.

३१ मार्चचं सांगायचं राहिलं. पाऊस जूनमध्ये आणि हिशेब मार्चमध्ये, हे भांडण कायमचं आहे. कंपनीला सुरुवातीलाच प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ (एका वर्षाहून जास्त चालणारा) म्हणून संचालक मंडळाच्या ठरावात घ्यायला सांगा. मग सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं मिळतात आणि न खर्चलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवता येते. नंतर करायचं तर संचालक मंडळाला कारण देऊन मुदत वाढवावी लागते. मार्चमध्ये पैसे संपवायचे म्हणून जी रोपं विकत घेतात, ती तीन महिने उन्हात पिशवीतच सुकतात. आणि ती ४००० रोपं मोह, चारोळी, बेहडा, आवळा अशीच असू द्या, म्हणजे जंगलात ज्यांचं बियाणं उरलेलं नाही ती. मोहाचं बी मात्र साठवू नका, काही आठवड्यांतच त्याची उगवण जाते; पडलं की लगेच पेरायचं.

जगलेल्या रोपांची मोजणी ऑक्टोबरात मागतात. तेव्हा सगळंच हिरवं असतं, रायमुनियासकट. ती द्या, पण पहिला उन्हाळा सरताना, मे महिन्यात, पुन्हा मोजा आणि तोच आकडा खरा माना. फोटोही मेमध्येच, दगडावर रंगाने खूण केलेल्या ठरलेल्या जागेवरून, दरवर्षी त्याच दिशेने.

दोरीचं एक राहिलं. काथ्याची नको. भिजली-वाळली की लांबी बदलते आणि दहा सेंटिमीटरचा फरक पडला तरी गोलाचं क्षेत्र साडेतीन टक्क्यांनी चुकतं. न ताणणारी दोरी घ्या आणि रोज सकाळी निघण्याआधी टेपने एकदा मोजा.