उलट्या बाजूनं पाहिलेलं अँटवर्प

भारतातून आमच्याकडे, बेल्जियममधल्या अँटवर्पला, पाहुणे आले की पहिली फर्माईश हिऱ्यांच्या बाजाराची असते. साहजिकच आहे. सेंट्रल स्टेशनला लागून असलेल्या त्या दोन-तीन गल्ल्यांमध्ये गुजराती सर्रास कानावर पडतं, आणि पालनपूरच्या जैन कुटुंबांनी इथल्या व्यापारात केवढी जागा मिळवली आहे ते डोळ्यांना दिसतं. तो बाजार बघून झाला की मी पाहुण्यांना शेल्ट नदीच्या दिशेनं चालवत नेते, नॅशोनालेस्ट्रात नावाच्या रस्त्यावर. दिसायला हा रस्ता साधाच आहे. मधून ट्राम जाते, कडेला सायकली लावलेल्या असतात, दुकानांच्या पाट्याही बेताच्या. पण गेल्या चाळीस वर्षांत जगानं काय घालावं यात या रस्त्याचा फार मोठा वाटा आहे, आणि आपल्याकडे त्याबद्दल क्वचितच कुणी बोलतं.

मी इचलकरंजीची. यंत्रमागाची खटखट ऐकत झोपणारी आणि ती थांबली की जागी होणारी माणसं आम्ही. काकांच्या कारखान्यातून ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या कोऱ्या, कापडाच्या गाठी निघायच्या, त्या धुण्या-रंगवण्याच्या प्रोसेसला जायच्या, आणि पुढे त्यांचं काय व्हायचं हे आम्हाला कधी कळलंच नाही. शर्ट व्हायचा, त्यावर कुणाचं तरी नाव लागायचं. म्हणून इथे आल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो असा, की पाच-साडेपाच लाख वस्तीच्या या गावानं कापडावर स्वतःचं नाव कसं लावून घेतलं?

बेल्जियमचा हा भाग, म्हणजे फ्लँडर्स, मुळात कापडाचाच. कॉर्ट्रेकजवळच्या लेइ नदीत जवसाची ताटं भिजवून त्यातून लिननचा धागा काढत. त्या धंद्यानं इतका पैसा आला की लोक तिला सोनेरी नदी म्हणू लागले. गेंटमध्ये सुती गिरण्या होत्या. अठराव्या शतकाच्या शेवटी लीव्हेन बाउवेन्स नावाच्या उद्योजकानं इंग्लंडमधून सूतकताईचं यंत्र सुटं करून चोरून आणलं आणि त्यावर गेंट उभं राहिलं. तिथल्या एका जुन्या गिरणीत आता उद्योगांचं संग्रहालय आहे. तिथे मागाचे पट्टे बघताना मला अगदी माहेरी गेल्यासारखं वाटलं.

मग १९७०च्या दशकात हे सगळं ढासळायला लागलं. स्वस्त आयात वाढली, गिरण्या बंद पडू लागल्या. १९८१ मध्ये बेल्जियम सरकारनं वस्त्रोद्योगासाठी पाच वर्षांची योजना आणली. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि गिरणगाव पुन्हा उभं राहिलं नाही. साल जवळपास तेच, धंदा तोच. आपल्याकडे गिरण्यांच्या जमिनींवर पुढे टॉवर आणि मॉल आले, तो इतिहास तुम्हाला ठाऊक आहे.

इथे सगळं सुरळीत झालं असं मी म्हणत नाही, इथल्याही कितीतरी गिरण्या गेल्याच. पण त्या योजनेत पैसा नुसता यंत्रांवर खर्च झाला नाही, थोडा कल्पनेवरही झाला. ‘फॅशन म्हणजे बेल्जियन’ अशा अर्थाची जाहिरात मोहीम निघाली. ‘गोल्डन स्पिंडल’ नावाची, म्हणजे सोन्याच्या चातीची, तरुण डिझायनरांसाठी स्पर्धा सुरू झाली. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्पर्धकांचे कपडे देशातल्याच कारखान्यांकडून शिवून घ्यायचे होते. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलं आणि तीस वर्षं रेनकोट शिवणारे कारखानदार एका टेबलाशी आले. कारखानदाराला नवी नजर मिळाली, आणि आपण कागदावर काढलेली बाही मशीनवर चढते की नाही हे मुलांना समजलं. १९८२ची पहिली स्पर्धा आन डेमोलेमेस्टर हिनं जिंकली.

ती आणि तिचे सोबती एकाच शाळेतले. अँटवर्पची रॉयल अकादमी १६६३ सालची. व्हॅन गॉगही तिथे थोडा काळ शिकून गेला. फॅशनचा विभाग मात्र १९६३ मध्ये मेरी प्रिजो या चित्रकार बाईंनी सुरू केला. बाई कडक शिस्तीच्या. त्यांचा आदर्श पॅरिस, त्यातही शनेल हे फॅशन-घर, आणि जीन्सचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. विद्यार्थ्यांच्या डोक्यात तेव्हा लंडनचं पंक, म्हणजे तिथल्या बंडखोर तरुणांचं संगीत आणि पेहराव, घोळत होतं. त्या ओढाताणीतून जी बॅच निघाली ती विलक्षण होती.

पुढची हकिगत इथे शाळकरी मुलांनाही माहीत असते. १९८६ मध्ये सहा जणांनी भाड्याची व्हॅन केली, कपडे भरले आणि थेट लंडनच्या व्यापारी प्रदर्शनाला गेले. वॉल्टर फान बेइरेन्डॉन्क, आन डेमोलेमेस्टर, द्रीस फान नोटन, डिर्क फान साने, डिर्क बिकेम्बर्ग्स आणि मारिना यी. गेर्ट ब्रुलोट या अँटवर्पच्याच दुकानदारानं हा घाट घातला होता. जागा मिळाली ती वरच्या मजल्यावर, लग्नाच्या गाऊनवाल्यांच्या शेजारी. तिकडे कुणी फिरकेना. मग यांनी हँडबिलं काढून खाली वाटली. न्यूयॉर्कच्या बार्नीज दुकानाचे खरेदीदार वर आले आणि ऑर्डरी सुरू झाल्या. ही नावं उच्चारता येईनात म्हणून इंग्रजी पत्रकारांनी त्यांना ‘अँटवर्प सिक्स’ करून टाकलं.

खरं तर सहाही जण एकमेकांपासून पूर्ण वेगळे. वॉल्टरचे कपडे भडक रंगांचे, खेळण्यातल्यासारखे. आनचे काळे-पांढरे, गंभीर. (आन राहायची ते अँटवर्पमधलं घर ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाचं आहे. २०१६ मध्ये युनेस्कोनं त्याच्या इमारती वारसा यादीत घेतल्या तेव्हा या घराच्याच जोडीला आपल्या चंदीगडचा कॅपिटॉल परिसरही आला.) एक घराणं असं यांचं नव्हतंच. एकत्र शिकले, एका गाडीतून गेले आणि आपापल्या वाटेनं पांगले.

माझा जीव मात्र याच शाळेतल्या सातव्यावर आहे. मार्टिन मार्जिएला. तो त्या व्हॅनमध्ये नव्हता, पॅरिसला जाँ-पॉल गोतिए या डिझायनरच्या हाताखाली काम करत होता. १९८८ मध्ये त्यानं जेनी मेरेन्सबरोबर स्वतःचं फॅशन-घर काढलं आणि लेबलवर काहीच लिहिलं नाही. पांढऱ्या सुती पट्टीचा कोरा तुकडा, चार कोपऱ्यांत चार टाके घालून आतून अडकवलेला. तेच टाके पाठीवर बाहेरून दिसतात. विकत घेणाऱ्यानं ते उसवून लेबल काढून टाकावं हीसुद्धा मुभा. मुलाखत द्यायची तर फॅक्सनं, आणि ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हणून. फोटो नाहीच. पहिल्या शोमध्ये मॉडेलांनी गाईच्या खुरासारखे दुभागलेले ताबी बूट लाल रंगात बुडवून पांढऱ्या कापडावर पावलं उमटवली, आणि पुढच्या हंगामात त्याच डागाळलेल्या कापडाचं जाकीट शिवलं. लष्करी मोज्यांचे स्वेटर, जुन्या झग्याचं अस्तर बाहेर आणून केलेला नवा झगा, शिंप्याच्या पुतळ्याचं जाड लिनन जसंच्या तसं अंगरखा म्हणून. शिवणाऱ्याला जे आतून दिसतं ते सगळं त्यानं बाहेर आणून ठेवलं.

हे मला इतकं का भिडतं ते सांगते. आमच्या आईला कुणी साडी किंवा ब्लाऊज दाखवला की ती आधी उलटा करायची. टीप सरळ आहे का, काज कापून शिवलंय की शिवून कापलंय, उसवलं तर आत दाब किती सोडलाय. इथे ‘स्टॉक सेल’ लागतात तेव्हा मला हजार बायापुरुष अगदी तेच करताना दिसतात. वर्षातून दोनदा, साधारण वसंतात आणि शरदात, इथले डिझायनर उरलेला माल आणि नमुने गोदामात लावून स्वस्तात विकतात. ट्रायल रूम बहुधा नसतेच. लोक आत घट्ट कपडे घालून येतात आणि आरशासमोर गर्दीतच कोट चढवून बघतात. शेजारी उभी असलेली अनोळखी आजी तुमच्या खांद्याची शिवण ओढून ‘बसला नाही’ असं स्पष्ट सांगते, आणि तिचं ऐकावं.

अशाच एका सेलमध्ये मी एक कोट हातात घेतला. गडद निळ्या लोकरीचा, कॉलरवर फुलं. सवयीनं उलटा केला. अस्तर पाठीत अर्ध्यावरच होतं, खालच्या उघड्या शिवणींना उरेब पट्टीनं बंद केलेलं, एकही धागा सुटा नाही. कॉलरच्या आतून कारागिरानं धागा कुठे वळवला, कुठे संपला, कुठे नवा घेतला ते ओळीनं वाचता येत होतं. आरीच्या, म्हणजे आकड्याच्या, सुईनं घातलेली साखळी होती ती. असं काम युरोपात फारसं होत नाही, हे हात आपल्याकडचे.

आणि ते खरंच तसं असतं. द्रीस फान नोटन कोलकात्याच्या कारागिरांकडून १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून भरतकाम करून घेत आला. फॅशनमध्ये भरतकामाची लाट असो वा नसो, तो थोडं का होईना काम दर हंगामात काढायचा, म्हणजे तिकडची घरं बसून राहत नाहीत. त्याचे आजोबा जुने कपडे उसवून, उलटे करून पुन्हा शिवणारे शिंपी, वडिलांचं कपड्यांचं दुकान. नॅशोनालेस्ट्रातच्या टोकाला, दोन रस्त्यांच्या बेचक्यातली निमुळती जुनी इमारत त्याचं दुकान आहे, ‘हेट मोडेपालेस’, १९८९ पासून. जाहिरात नाही, वर्षाला ठरलेलेच शो. २०१८ मध्ये त्यानं कंपनीचा मोठा हिस्सा स्पेनच्या पुइग या कंपनीला विकला आणि जून २०२४ मध्ये शेवटचा शो करून थांबला. आता युलियन क्लाउस्नर ते काम बघतो. कोलकात्याच्या कारागिरांची नावं मात्र त्या कपड्यांवर कुठेच नसतात. मार्जिएलानं स्वतःहून नाव काढलं, त्यांना ते कधी मिळालंच नाही. हा फरक मला सोसत नाही, आणि या शहरावर माझं कितीही प्रेम असलं तरी तो मला इथे मांडायलाच हवा.

त्याच रस्त्यावर पुढे ‘मोमू’ हे फॅशनचं संग्रहालय आहे, २००२ साली सुरू झालेलं, दुरुस्तीनंतर सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा उघडलेलं. त्याच इमारतीत वर अकादमीचा फॅशन विभाग. खाली जुने कपडे काचेत आणि वर मुलं नवे कापतायत, मध्ये नुसता जिना. अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी स्कर्ट आणि ड्रेस. दुसऱ्या वर्षी एखादं जुनं चित्र निवडून त्यातला ऐतिहासिक पोशाख हुबेहूब शिवायचा, प्रत्येक चुणी आणि गुंडीसकट, आणि त्यानंतरच त्यावरून स्वतःचं काही करायचं. तिसऱ्या वर्षी तेच जगातल्या कुठल्या तरी लोकसमूहाच्या पारंपरिक वेषाबाबत. चौथ्या वर्षी स्वतःचा पूर्ण संग्रह. गळती भरपूर. पहिल्या वर्षी आलेल्यांतले थोडेच शेवटपर्यंत टिकतात.

जूनमध्ये सगळ्या वर्षांच्या विद्यार्थ्यांचा शो होतो आणि तो कुणालाही तिकीट काढून बघता येतो. बरेचदा तो नदीकाठच्या जुन्या बंदर-गोदामात असतो. काही तास चालतो, शेवटी पाठ दुखते, पण मी चुकवत नाही. प्रेक्षकांत मोठ्या कंपन्यांची माणसं असतात आणि रात्रभर बटणं लावून डोळे तारवटलेल्या मुलांच्या आयाही असतात. गेल्या खेपेला माझ्या पुढच्या रांगेत एक बाई मुलाचा पहिला स्कर्ट रॅम्पवर आल्याबरोबर उभ्याच राहिल्या, आणि मागच्यांनी कुणी त्यांना बसा म्हटलं नाही.

या शाळेतून, आणि एकूणच या देशातून, बाहेर पडलेले आज कुठे आहेत ते एका दमात सांगते. गुच्चीचा डिझायनर डेम्ना इथलाच. ब्रूजचा ग्लेन मार्टेन्स इथलाच, तो २०२५ मध्ये मार्जिएलाच्याच फॅशन-घराचा प्रमुख झाला. ब्रुसेल्सच्या ‘ला कांब्र’ या दुसऱ्या नामांकित शाळेतून आलेला मातियो ब्लाझी शनेल सांभाळतो, तिथलाच अँथनी व्हाकारेल्लो सां लोराँ. राफ सिमॉन्स तर गेंकला औद्योगिक डिझाइन शिकला, फर्निचर करायचा, आणि २०२० पासून मिउच्चा प्रादाबरोबर प्रादा चालवतो. एक कोटीच्या जरा वर लोकसंख्येचा हा देश आहे, म्हणजे मुंबईपेक्षाही लहान.

आपल्याकडे विणणारे हात कमी नाहीत. इचलकरंजी, सोलापूर, मालेगाव, भिवंडी, शिवाय येवला-पैठणचे विणकर आहेतच. कमी आहे ती मागाच्या शेजारी कापायला, उसवायला आणि चुकायला जागा देणारी शाळा, आणि तिच्यातल्या पोरांचं शिवून देणारा कारखानदार. १९८२ मध्ये इथे जे केलं त्याला आकाशातून पडलेली प्रतिभा लागली नव्हती, सरकारी योजनेतलं एक कलम लागलं होतं.

तुमच्या ओळखीत कुणी मुलगा-मुलगी चित्रं काढत असेल, आईच्या मशीनवर काहीबाही शिवत असेल, तर त्यांना या अकादमीची प्रवेशपरीक्षा जरूर सांगा. ती जगभरच्या विद्यार्थ्यांना खुली असते. आपल्या कामाची फाइल न्यावी लागते, समोर बसून चित्र काढावं लागतं, मुलाखत होते. आणि नुसतंच फिरायला येणार असाल तर जून गाठा, शोचं तिकीट आधी काढा, आणि मुक्कामात एक शुक्रवार धरा. मोमूपासून जवळच फ्रैडाखमार्क्ट चौक आहे. सोळाव्या शतकात तो जुन्या मालाच्या विक्रेत्यांसाठी वसवला गेला, आणि शुक्रवारी सकाळी तिथे अजूनही जुन्या सामानाचा लिलाव होतो. लवकर जा, दहानंतर चांगलं काही उरत नाही.