एका व्हिसावर तीन देश: युगांडा, रुवांडा, केनिया

पूर्व आफ्रिकेला निघालेल्या आपल्या बऱ्याच लोकांना माहीत नसतं की केनिया, युगांडा आणि रुवांडा या तिघांचा मिळून एकच टुरिस्ट व्हिसा मिळतो. 2014 पासूनची सोय आहे. फी 100 डॉलर, मुदत 90 दिवस, आणि तेवढ्यात तिघांमध्ये हवी तितकी ये-जा. ज्या देशात आधी उतरणार, अर्ज मात्र त्याच देशाकडे करायचा. मी एन्टेबेला उतरणार होतो, म्हणून युगांडाच्या साइटवर फॉर्म भरला. पासपोर्ट, फोटो, परतीचं तिकीट, प्रवासाचा आराखडा आणि यलो फीव्हरच्या लशीचं पिवळं कार्ड जोडलं. ही लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तेव्हा तयारीला तिथूनच लागा. परत येताना आपल्या विमानतळावरही हे कार्ड विचारतात.

या व्हिसाची किंमत कळली ती युगांडा-रुवांडामधल्या कटुना-गातुनाच्या सीमेवर. युगांडाची राजधानी कंपालाहून रुवांडाची राजधानी किगालीला जाणारी बस तिथे सगळ्यांना उतरवते. एकाच इमारतीत युगांडातून निघाल्याचा शिक्का, शेजारच्या खिडकीवर रुवांडात आल्याचा. नवा फॉर्म नाही, फी नाही. पुढे सामान उघडून बघतात, कारण रुवांडात 2008 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. फराळ मी स्टीलच्या डब्यातच नेला होता. सीमा ओलांडली की बस डावीकडून उजवीकडे येते आणि घड्याळ एक तास मागे.

रांगेत माझ्या पुढे सीमेजवळच्या युगांडातल्या कबाले गावच्या एक व्यापारी बाई होत्या. त्यांच्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता, नुसतं राष्ट्रीय ओळखपत्र. या तीन देशांच्या नागरिकांना तेवढं पुरतं. पण फेब्रुवारी 2019 मध्ये युगांडा आणि रुवांडाच्या सरकारांचं बिनसलं आणि हेच फाटक जवळजवळ तीन वर्षं बंद राहिलं. उघडलं ते जानेवारी 2022 च्या अखेरीस. ओळखपत्रावर ये-जा करू देण्याचा करार तेव्हाही कागदावर होताच. बाई म्हणाल्या, त्या काळात धंदा पार बसला. भांडण कंपाला-किगालीचं, आणि चूल विझली सीमेवरच्या माणसांची. याचा मला मनापासून राग येतो.

किगालीहून नैरोबीलाही याच व्हिसावर गेलो. टांझानिया मात्र यात नाही. पूर्व आफ्रिकी समुदायाचं, म्हणजे या भागातल्या देशांच्या संघटनेचं, मुख्यालय त्यांच्याच अरुशात असूनही नाही. सेरेंगेटी किंवा झांझिबार करायचं असेल तर तिथला व्हिसा वेगळा काढा आणि तो टप्पा शेवटी ठेवा; तिघांच्या हद्दीबाहेर पडलात की हा व्हिसा संपतो.