आधी चित्रं, लोगो नंतर

मासिकाचं रूप बदलायचं म्हटलं की चर्चा लोगोपासून सुरू होते. नवोदित कलाकारांचं काम छापणाऱ्या मासिकात तो विषय सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी मागच्या तीन-चार अंकांतले सर्वांत कमकुवत फोटो काढून टेबलावर मांडा, कारण नवी मांडणी त्यांनाच पेलायची आहे.

नवोदितांकडून कामाचे फोटो बहुतेकदा मोबाइलवर काढलेले आणि मेसेजमधून आकसून येतात. 1600 पिक्सेल रुंदीचा फोटो 300 पीपीआयला (दर इंचाला 300 पिक्सेल) जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर छापता येतो. ए4 पान रुंदीभर भरायचं तर दोन्हीकडचं 3 मिलिमीटर ब्लीड (छापल्यावर कापली जाणारी जादा कड) धरून सुमारे 2550 पिक्सेल लागतात. मूळ फाइल मागाच. तरीही नाही मिळाली, तर छोटं चित्र भरपूर कोऱ्या जागेत ठेवा, ताणू नका. 12 स्तंभांचा ग्रिड, म्हणजे पान 12 उभ्या पट्ट्यांत विभागणारा आराखडा, इथे कामाला येतो: चित्राला 4, 6 किंवा 8 स्तंभ दिले तरी पानाची शिस्त मोडत नाही. आणि जागा कमी पडली तर मजकुराला कात्री लावा, चित्राला कधीच नाही.

दोन पानांवर पसरलेलं चित्र पडद्यावर फार देखणं दिसतं. पण पाठीला गोंद लावून बांधलेला अंक सपाट उघडत नाही, मधले काही मिलिमीटर कण्यात जातात, आणि नेमका तिथेच चेहरा असतो. असं चित्र एका पानावर घ्या, नाहीतर पिन मारलेल्या अंकात मधल्या जोडपानावर टाका. पिनेच्या अंकाची पानं 4 च्या पटीत लागतात, हे आधीच धरून चाला.

रंगांचा घात कागदावर होतो. आरजीबीतला, म्हणजे पडद्यावरचा, झगझगीत निळा आणि हिरवा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मंदावतो. अनकोटेड (लेप नसलेला) कागद शाई शोषतो, थेंब पसरतो आणि गडद भाग बुजतात. म्हणून ज्या कागदावर अंक छापायचा त्याच कागदावर प्रूफ (नमुना छपाई) काढा आणि ते कलाकाराला दाखवा.

देवनागरीला ओळींमध्ये ऐसपैस जागा लागते. 11 पॉइंट अक्षराला एका ओळीच्या तळापासून पुढच्या ओळीच्या तळापर्यंत 16-17 पॉइंटचं अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर आणि रफारांवर आदळतात. अरुंद स्तंभात मजकूर दोन्ही कडांना जुळवला की शब्दांमध्ये भगदाडं पडतात. तिथे उजवी कड मोकळी सोडा.

चित्राखाली नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम आणि मोजमाप द्या. मोजमाप सर्रास गळतं. मग वीस सेंटिमीटरचं रेखाटन आणि दोन मीटरचा कॅनव्हास वाचकाला सारखेच वाटतात.