वॉलेस क्रीक: जागेवरून सरकलेला ओढा

मार्चमध्ये कॅलिफोर्नियात होते तेव्हा एकच हट्ट धरला होता, काहीही झालं तरी कॅरिझो प्लेनमधला वॉलेस क्रीक बघायचाच. लॉस एंजेलिसहून पहाटेच निघालो, शेवटचा रस्ता कच्चा आहे आणि पावसात गाडी हमखास रुतते म्हणून आधी चौकशी करून घेतली होती. वाटेत सोडा लेकचं पांढरंशुभ्र मीठ दिसलं पण मी कुणाला थांबू दिलं नाही!

तर हा ओढा टेंब्लर डोंगरातून सरळ खाली येतो, सॅन अँड्रियास फॉल्टवर, म्हणजे जमिनीचे दोन भाग एकमेकांना घासत सरकतात त्या मोठ्या भेगेवर, आला की एकदम उजवीकडे वळतो, फॉल्ट धरून 130 मीटर जातो आणि परत डावीकडे वळून मैदानात उतरतो. पलीकडची सगळी जमीनच ओढ्याचा खालचा तुकडा घेऊन वायव्येकडे सरकलीये. फोटो कितीतरी वेळा बघितले होते तरी कोरड्या पात्रात उतरल्यावर अंगावर काटा आला. पायाखाली बारीक खडी, मोज्यात घुसणारी गवताची कुसळं, मी वळणापासून वळणापर्यंत पावलं मोजली, 184 भरली.

कॅलटेक विद्यापीठाचे केरी सी आणि स्टॅनफर्डचे रिचर्ड जान्स या भूशास्त्रज्ञांनी इथे चर खणले, मातीच्या थरांतल्या कोळशावरून वय काढलं आणि 1984 मध्ये मांडलं की हे पात्र साधारण 3700 वर्षांपूर्वी कोरलं गेलं. म्हणजे जमीन सरकली वर्षाला सुमारे 34 मिलिमीटर. पण ही फक्त सरासरी झाली हं, इथे फॉल्ट दरवर्षी थोडाथोडा सरकत नाही, घट्ट अडकून बसतो, ताण साठत राहतो आणि मग एका भूकंपात कित्येक मीटरची उडी. शेवटची उडी 9 जानेवारी 1857 ला, फोर्ट तेहोनचा भूकंप, अंदाजे 7.9 तीव्रतेचा. तेव्हापासून इथे सगळं शांत आहे आणि मला तर ती शांतताच जास्त भीतीदायक वाटली.

मोठ्या ओढ्यापेक्षा मी आजूबाजूच्या बारक्या घळींतच जास्त रमले. त्या एकट्या 1857 च्या झटक्यात किती सरकल्या यावर आधी 9 मीटर म्हणायचे, नंतर विमानातून लेझरने मोजमाप झालं तेव्हा 5 च्या आसपास आलं. दुपारी त्या नीट दिसतच नव्हत्या, ऊन कललं, सावल्या लांबल्या आणि एकेक घळ जिथे तुटलीये ती जागा उठून दिसायला लागली, अंधार पडेपर्यंत मी तिथून हलले नाही.