मापाड्याची लेक आणि न्यूयॉर्कचे बटाटे

“अमेरिकेत रेशनची रांग?” आई फोनवर इतकी हसली की शेजारच्या काकू काय झालं म्हणून दारात आल्या. मी सांगत होते न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या एका चर्चच्या तळघराबद्दल. शनिवारी सकाळी सातपासून तिथे माणसं चाकांच्या पिशव्या घेऊन उभी असतात आणि आत आम्ही दहा-बारा जण बटाटे निवडत असतो.

ती रांग रेशनची नाही. इथल्या सरकारी मदतीला स्नॅप म्हणतात. दरमहा एका कार्डावर पैसे जमा होतात आणि दुकानातून धान्य, दूध, भाजी घेता येते. गरम तयार जेवण मात्र सहसा घेता येत नाही. महिना संपायच्या आत कार्ड संपतं, आणि न्यूयॉर्कचं घरभाडं काही थांबत नाही. मग माणसं अशा तळघरांकडे वळतात. यांना पँट्री म्हणतात.

सांगलीकरांना समजेल असं सांगायचं तर फूड बँक म्हणजे मार्केट यार्ड आणि पँट्री म्हणजे गल्लीतलं दुकान, फक्त गल्ला नाही. पहिली फूड बँक १९६७ मध्ये अमेरिकेतल्याच फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केली. न्यूयॉर्कमध्ये सिटी हार्वेस्ट ही संस्था १९८२ पासून हॉटेलं, बेकऱ्या, घाऊक व्यापारी आणि शेतकरी यांच्याकडचं उरलेलं चांगलं अन्न ट्रकने उचलते आणि पँट्र्यांना फुकट पोचवते. मला आधी वाटायचं, दुकानदार देतात कशाला? कुणाचं पोट बिघडलं तर कोर्टकचेरी. पण १९९६ च्या एका केंद्रीय कायद्याने चांगल्या हेतूने अन्न देणाऱ्याला त्यातून संरक्षण दिलंय. ट्रक हलतात ते निम्मे या कागदाच्या जोरावर, असं माझं मत.

माझं काम बटाट्यांचं. अण्णा यार्डात मापाडी होते. हळदीचं पोतं नुसतं हलवून वजन सांगायचे. मला तेवढं जमत नाही, पण हिरवट बटाटा कुठला, आतून काळा कुठला हे हाताला कळतं. पोत्यात एक नासका असला तर वासावरून सापडतो. इथली कॉलेजची पोरं नाक दाबून लांब उभी राहतात.

मला तिथलं आवडतं ते वेगळंच. टेबलं मंडईसारखी मांडलेली असतात आणि ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यायचं. मागच्या शनिवारी एका आजींनी कोबी उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि परत ठेवला. देठ पिवळा होता. कुणी काही बोललं नाही.

मला ऑगस्ट २०१९ आठवला. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर आम्ही विश्रामबागहून गावभागात परतलो, घरात गुडघाभर चिखल. चौकात मदतीचे ट्रक यायचे आणि वरून पोरं पाकिटं फेकायची. देणाऱ्यांची नियत वाईट नव्हती. कुठल्या कुठल्या गावच्या बायकांनी रात्र-रात्र भाकऱ्या थापल्या होत्या. पण एक बिस्किटचा पुडा आईच्या खांद्याला लागून चिखलात पडला आणि ती तशीच वळून घरात गेली. त्या दिवशी आम्ही चुरमुरे खाल्ले, तेही डब्यात कोरडे राहिले म्हणून.

आईला एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. त्या तळघरात पहिल्यांदा गेले ते बटाटे निवडायला नव्हे. फेब्रुवारीत विद्यापीठाकडून यायचा स्टायपेंड दीड महिना अडकला, भाडं भरून खात्यात चाळीस डॉलर उरले. दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा रांगेत उभी राहिले. दारातल्या बाईंनी पिनकोड आणि घरात किती माणसं एवढंच विचारलं, आणि म्हणाल्या, आज पालक छान आलाय. मी पालक घेतला, डाळ घेतली, कांदे घेतले. मोठे कांदे बाजूला सारून लहान निवडले, अण्णांच्या सवयीने. पैसे आल्यावर दुसऱ्या शनिवारी टेबलाच्या पलीकडे उभी राहिले.

आई हे वाचणार नाही, तिला मोबाइलवरचं बारीक अक्षर दिसत नाही. आत्या मात्र वाचते. आत्या, तोंड बंद ठेव, सुट्टीत आले की मी स्वतः सांगेन.